गाणं बरे

आमचे मनुरेवाचे घरमालक माणसांशी कमी आणि लिंबाच्या झाडाशी जास्त बोलत. त्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात भांडी घासताना मला परसातून आवाज आला, "गाणं बरे, गाणं बरे." खिडकीतून बघते तर मालक झाडाच्या खोडावर थोपटत उभे. झाडाला त्या साली मोजून चार लिंबं लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शब्द त्यांनी आपल्या जुन्या जपानी गाडीला ऐकवले. थंडीत ती सुरू व्हायला कुरकुरायची आणि हे बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "गाणं बरे, गाणं बरे." मी नवऱ्याला म्हटलं, म्हातारा सज्जन दिसतोय, पण इंजिनाच्या खोकल्याला गाणं समजून दाद देतो, कान तपासून घ्यायला सांगू का? नवरा म्हणाला, घर कोरडं आहे, शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, बाकी त्यांनी झाडाचं लग्न लावलं तरी आपल्याला काय करायचंय.

खुलासा आमच्या लेकीने केला, तोही मोबाइलमधून डोकं वर न काढता. "आई, इट्स गान्बारे. जॅपनीज. लाइक, डू युअर बेस्ट." शाळेत तिने जपानी विषय घेतला होता. नेटाने कर, धीर सोडू नकोस, हिंमत धर, असं सगळं त्या एका शब्दात बसतं म्हणे. मला शब्द फारच आवडला. चांगली वस्तू हाती लागली की ती कुठेतरी वापरल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या न्यू लिनहून आम्ही इकडे आलो ते माझ्या नोकरीपायी. मी फार्मसिस्ट आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहून लोकांना सांगायचं, ही जेवणानंतर, ही रिकाम्या पोटी, बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडू नका. घरी आल्यावरही तेच तोंड चालू राहतं. नागपूरला माझी आई म्हणायची की या पोरीला गप्प बसायला लावणं म्हणजे तिला शिक्षा आहे. आमची लेक अस्मिता नेमकी उलटी. तिच्याशी मराठीत बोललेलं सगळं तिला समजतं, उत्तर इंग्रजीत येतं, आणि तेही मोजकं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, नवव्या वर्षात, म्हणजे इथल्या हायस्कूलच्या पहिल्या वर्गात. बालवाडीपासूनच्या मैत्रिणी न्यू लिनला सोडून वर्षाच्या मधोमध ती नव्या शाळेत दाखल झाली. तिला विचारलं होतं का? नव्हतं. सांगितलं होतं, गोळ्यांबद्दल सांगते तसंच.

घरमालक पुण्याचे, सत्तरीला टेकलेले. तिकडच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणि इंग्रजीत उतरवली. मुलगा इथे परदेशात आला म्हणून तेही आले. पुढे मुलगा पर्थला गेला, हे राहिले. का राहिलात विचारलं तर म्हणत, लिंबाला आत्ता कुठे माझी सवय झालीय. पुढचं घर आम्हाला देऊन स्वतः मागच्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे परसातल्या सुट्या खोलीत एकटे राहत. पायात बारा महिने जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, आत मोजे, आणि अंगठ्याच्या बेचक्यात मोजा असा खुपसलेला की तो जपान्यांच्या मोज्यासारखा दुफाट दिसे. भेटेल त्याला कमरेतून वाकून नमस्कार करत. डेअरीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, कुरिअरवाली, शेजारचं मांजर, कोणी सुटत नसे. बसचा सामोअन ड्रायव्हर तर यांना बघून स्वतःही स्टिअरिंगवर वाकायचा आणि "किआ ओरा, बॉस" असा इथला नमस्कार करायचा. आमच्या हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे ते पहिल्यांदा वाकले तेव्हा इतके खाली गेले की मला वाटलं त्यांचं काही पडलंय, आणि मीही खाली बघायला लागले.

गॅरेजच्या दारावर त्यांनी सुवाच्य अक्षरात एक पाटी लावली होती. "येथे शनिवारी सकाळी दहा वाजता जपानी शालेय गाणी शिकवली जातात. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी. पालकांनी थांबू नये." सात-आठ मुलं येत. बहुतेक आपली मराठी, शेजारच्या टाकानिनीहून वगैरे आईबाप सोडून जात. एक मात्र मागल्या गल्लीतली टोंगन मुलगी होती, मेले नावाची. कुंपणापलीकडून गाणं ऐकून आली आणि कायमची राहिली. तिच्या घरात चर्चमुळे सगळेच गाणारे, त्यामुळे दुसरा सूर तिला न शिकवता लागायचा. मुलं त्यांना काका सेन्सेई म्हणत. पुढे आम्हीही त्यांना काकाच म्हणू लागलो.

इथल्या मराठी मंडळाचे लोक एकदा त्यांच्याकडे आले होते. दिवाळीच्या कार्यक्रमाला मुलांची मराठी गाणी बसवून द्या, तुमचा यात एवढा हात बसलाय, म्हणाले. काका म्हणाले की मराठीत ही मुलं तुमचं ऐकत नाहीत, माझं का ऐकतील? पण जपानी म्हटलं की कार्टूनांच्या नादाने आपणहून येतात. मंडळी नाराज होऊन गेली. पण त्यांनी गॅरेजमध्ये डोकावून बघायला हवं होतं, कारण आत चाललं होतं ते भलतंच. काका गाण्याचे शब्द रोमन अक्षरात द्यायला साफ नकार देत. रोमनमध्ये जपानीचं नाक मोडतं, असं त्यांचं मत. ते देवनागरीत लिहून देत, आणि लांबवायच्या स्वराला आपल्या गाण्याच्या पुस्तकात असतो तसा ऽ काढत. ज्यांना 'कमळ' वाचता येत नव्हतं ती पोरं दोन महिन्यांत 'त्सुकुए' वाचायला लागली. त्सुकुए म्हणजे वर्गातलं डेस्क. त्यातला 'त्सु' गोऱ्यांना काही केल्या येत नाही, मराठी माणसाच्या मात्र तो आईच्या दुधाबरोबर पोटात जातो, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. म्हणून दर शनिवारी गाण्याआधी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "चूल, चूक, चुना, त्सुकुए." मेलेसुद्धा म्हणायची. अख्ख्या मनुरेवात चुलीतला च इतका स्वच्छ म्हणणारी टोंगन मुलगी ती एकच असेल.

साथीला त्यांच्याकडे एक फुंकून वाजवायचा छोटा पियानो होता. जपानी शाळांत तो मुलांना देतात. एक नळी तोंडात धरायची आणि पट्ट्या दाबायच्या. काका त्याला तोंडाची पेटी म्हणत. नळी तोंडात असताना बोलता येत नाही, त्यामुळे सूचना भुवयांनी द्यायचे. एक भुवई वर म्हणजे सूर चढवा. दोन्ही वर म्हणजे थांबा, वाट लागली.

आता गाण्यांबद्दल. जपानमध्ये प्रत्येक वर्ग मिळून गाणी बसवतो, वर्गावर्गांत स्पर्धा असते, आणि शाळा सोडतानाची वेगळी गाणी असतात. डोंगराची चढण, सायकल, वारा, बाकावर कोरलेलं नाव, आणि प्रत्येक गाण्यात कुठे ना कुठे 'आशिता' म्हणजे उद्या. तो शब्द ते बोलताना 'आश्ता' असा उरकतात. काका म्हणायचे, आपल्याकडे उद्या म्हणजे टाळाटाळ, साहेब रजेवर आहेत, उद्या या. तिकडे उद्या म्हणजे गाणं. गंमत म्हणजे काकांचा भर सगळा शाळा सोडतानाच्या गाण्यांवर. अकरा वर्षांच्या पोरांना निरोपाची गाणी! एका बाबांनी विचारलंही, अहो, ही आत्ता तर शाळेत चाललीत. काका म्हणाले, म्हणून तर. "शाळा संपते, ही गोष्ट मुलांना कोणी सांगतच नाही. त्यांना वाटतं हे असंच चालणार. संपतानाचं गाणं सुरुवातीलाच शिकवून ठेवावं."

आमच्या लेकीला ते पहिल्या दिवसापासून आश्ता म्हणत. अस्मिता आणि आशिता, एवढं साम्य त्यांना पुरत असे. ती समोरून गेली की, "आलात का उद्या?" असं विचारत. ती हसायची नाही. गॅरेजमध्ये बोलावलं तर, "आय डोन्ट सिंग," एवढं सांगून आत निघून जायची.

साधारण महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की तिचा डबा भरलेला परत येतोय. आधी वाटलं पोळी-भाजीची लाज वाटत असेल, म्हणून सँडविच दिलं. तेही परत आलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, "देअर्स नोव्हेअर टू सिट, आई." मी अशी शहाणी, मला वाटलं खरंच बाकं कमी आहेत. शाळेला ईमेल लिहायला बसले की एवढ्या मोठ्या शाळेत मुलांना डबा खायला बसायची सोय नसावी म्हणजे काय. नवऱ्याने लॅपटॉप मिटला तेव्हा उजेड पडला. बाकं भरपूर होती. तिला 'ये, बस' म्हणणारं कोणी नव्हतं. मधली सुट्टी ती टॉयलेटमध्ये काढत होती, आणि तिथे काही डबा उघडता येत नाही.

मग मी तेच केलं जे मला येतं. बोलले. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, न चुकता. तू आपणहून जाऊन ओळख कर, हस, मी खो-खो खेळायचे तशी तू नेटबॉल खेळ, आम्ही आलो तेव्हा आम्हाला तरी कोण ओळखत होतं. एका सोमवारी पाऊस होता म्हणून तिला गाडीतून सोडलं. फाटकाशी मुलींचा घोळका उभा होता. ही मान खाली घालून चालली होती. काहीतरी चांगलं, ताकदीचं द्यावं म्हणून मी काच खाली केली आणि काउंटरवरच्या आवाजात ओरडले, "अस्मिता, गान्बारे!" ती जागच्या जागी थबकली. मुली हसल्या. एकीने नक्कल केली. बुधवारपर्यंत ते तिचं नाव झालं होतं. गुरुवारी ती उठली नाही.

पहिले दोन दिवस पोटदुखी होती, मग काहीच कारण नव्हतं. ती नुसती पांघरूण घेऊन पडून राहायची. शाळेतून फोन आले, समुपदेशक बाई बोलल्या, डॉक्टर झाले. आठवडा गेला, दुसरा लागला. मी घाबरले होते. काउंटरवर अशा मुलांच्या आया मी पाहिल्या आहेत. सुरुवात एका सकाळपासून होते आणि वर्ष निघून जातं.

परसात कपडे वाळत घालताना मी काकांना सगळं सांगितलं. सहानुभूती मिळेल अशी माझी खात्री होती. 'गान्बारे'पाशी आले तशी त्यांनी हातातली झारी खाली ठेवली.

"पोरीला म्हणालात? तोंडावर?"

"तुम्ही नाही का लिंबाला म्हणत?"

"लिंबू काय करतंय ते मला दिसत नाही, ताई, म्हणून म्हणतो. पोरगी रोज त्या फाटकातून आत जात होती ना? एकटी? मग ती करतच होती. आणखी काय नेट लावायचा तिने?"

इतके रागावलेले ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत. मला रडू आलं. तेव्हा ते चरफडत आत गेले, चहा करून आणला आणि झाडाखालच्या उलट्या बादलीवर बसून पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलले. पंचविशीत असताना कारखान्याने त्यांना वर्षभर जपानला पाठवलं होतं. छोटं गाव होतं, भाषा पुस्तकातली, ऐकलेलं निम्मं कळायचं नाही. रोज कामावर चुका, रोज साहेबांपुढे वाकून माफी. घरून पत्रं यायची ती सगळी एकाच चालीची, हिंमत ठेव, नाव काढ. प्रत्येक पत्राने आपण आणखी खाली चाललोय असं वाटायचं. एका सकाळी ते कामावर गेलेच नाहीत. खोलीसमोर शाळा होती. स्पर्धा जवळ आली असावी, कारण मुलं तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणत होती, चुकत होती, परत सुरू करत होती. हे अंथरुणात पडून ऐकत राहिले. चौथ्या दिवशी उठून कामावर गेले.

"ते गाणं माझ्यासाठी नव्हतं," काका म्हणाले. "त्या पोरांना मी खिडकीत आहे हे ठाऊकही नव्हतं. म्हणून तर ते मला घेता आलं."

त्या शनिवारी सकाळी ते अस्मिताच्या खिडकीबाहेर येऊन उभे राहिले. मी आतून ऐकत होते. ते म्हणाले, "आश्ता, आमच्या नव्या गाण्यात शेवटच्या ओळीआधी चार मात्रा गप्प बसायचंय. ही पोरं गप्प बसत नाहीत. मला गप्प बसता येणारं माणूस हवंय." काका कमरेतून वाकले, मिटलेल्या पडद्याला नमस्कार केला आणि गेले. दहा मिनिटांनी पायजमा आणि गमबूट अशा अवतारात माझी लेक परसातून गॅरेजकडे चालत गेली. मी वाळलेले कपडे पुन्हा एकदा दोरीवर घालत तिथेच घुटमळले.

गॅरेजचं दार उघडंच होतं. गाणं सुरू झालं, ती जागा आली, आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे अस्मिताने सगळ्यांसमोर हात वर करून बोटं उघडली. एक, दोन, तीन, चार, मग मूठ. मूठ मिटली की सगळ्यांनी एकदम उचलायचं. पहिल्या खेपेला मेले तिसऱ्याच बोटाला घुसली आणि एकटीच दणक्यात गात राहिली. बाकी पोरं खिदळली. आणि मी अस्मिताचं हसू ऐकलं. कितीतरी आठवड्यांत ऐकलं नव्हतं. मी हातातला टॉवेल तोंडाशी धरून लिंबाच्या आडोशाला उभी राहिले.

त्या दिवशी ते नुसतंच ला-ला करत होते, कारण कागदावर शेवटच्या ओळीची जागा कोरी होती. ओळ अजून यायचीय, असं काकांनी सांगितलं होतं. ती पुढच्या शनिवारी आली, देवनागरीत. आशिता नो सेकी वा आइते इरुऽऽ. म्हणजे, उद्याची जागा मोकळी आहे.

गाण्याने पोरगी बरी झाली असं मी म्हणणार नाही. मी औषधं देते, असले दावे मला शोभत नाहीत. समुपदेशक बाई होत्या, पहिले काही दिवस अर्धाच दिवस शाळा ठरली होती. पण परत जायच्या पहिल्या सकाळी जे झालं ते मी गाडीतून पाहिलं आहे. मी काच वर ठेवून जीभ दाताखाली धरली होती. अस्मिता उतरली आणि फाटकापासून दहा पावलांवर थांबली, पुढे जाईना. फाटकाच्या आत मेले उभी होती. ती त्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत होती, आणि हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मेलेने हाक मारली नाही. हात वर करून एकेक बोट उघडलं. एक, दोन, तीन, चार, आणि मूठ. अस्मिता आत गेली. त्या दिवशी डबा रिकामा आला. जिमच्या मागे छप्पर असलेल्या जागी मेलेच्या मैत्रिणी बसायच्या, तिथे एक जागा होती.

पुढे दोन वर्षं तिने शनिवार चुकवला नाही. आधी मात्रा मोजल्या, मग मेलेशेजारी उभी राहून खालचा सूर धरला. घरात चुलीचा च घुमायला लागला. एकदा नागपूरहून आलेल्या लग्नपत्रिकेवरची नावं तिने सहज वाचून दाखवली आणि आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. तिला मराठी वाचायला आम्ही शिकवलं नव्हतं.

शाळेतल्या जपानी शिकवणाऱ्या बाई मूळच्या जपानच्याच. अस्मिताने त्यांना ते गाणं दाखवलं, कारण इंटरनेटवर शोधून शोधून तिला ते सापडलं नव्हतं. बाईंनीही ते कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी थांबून त्या म्हणाल्या की व्याकरणात चूक नाही, पण आमच्याकडे 'उद्याची जागा' असं कोणी म्हणत नाही. अस्मिताने हे येऊन काकांना सांगितलं. काकांनी दोन्ही भुवया वर केल्या आणि म्हणाले, "मग आता म्हणायला लागतील." त्यापेक्षा जास्त कबुली त्यांनी कधी दिली नाही. मला काही शंका नाही. ती ओळ मनुरेवाच्या स्लीपआउटमध्ये, त्या एका आठवड्यात, पुण्याच्या माणसाने माझ्या मुलीसाठी लिहिली. आणि तिला कधीही 'तुझ्यासाठी' म्हणून दिली नाही. चार मात्रांनंतर सगळ्यांनीच म्हणायची ओळ म्हणून दिली.

मग त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा येऊन त्यांना पर्थला घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दाराशी वाकून निरोप घेतला. आमच्या दाराशी आले तेव्हा मी दहा मिनिटं बोलत होते, गोळ्या वेळेवर घ्या, विमानात पाय हलवत राहा. अस्मिता माझ्यामागे उभी होती. तिला ते एवढंच म्हणाले, "येतो, आश्ता." घर विकलं गेलं. आता तिथे सहा जोडघरं आहेत, लिंबाचं झाड नाही. आम्ही टाकानिनीला घर घेतलं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला की काका गेले. अस्मिता खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी तीनदा दाराबाहेर जाऊन विचारलं, जेवतेस का, काही बोलायचंय का, चहा तरी घे. स्वभावाला औषध नाही.

गेल्या महिन्यात तिची शाळा संपली. शेवटच्या दिवशी मी आणायला गेले. फाटकाशी मेले आणि ती एकमेकींच्या गळ्यात पडून बराच वेळ उभ्या होत्या. मग ती गाडीत बसली, गणवेशावर सगळ्यांच्या सह्या, डोळे सुजलेले. आम्ही सिग्नलला उजवीकडे वळायला थांबलो. तिने खिडकीबाहेर बघत ते गाणं म्हणायला सुरुवात केली, हळू आवाजात, सुरुवातीपासून. चढण आली, सायकल आली, डेस्क आलं. मग ती थांबली.

लायब्ररीची पुस्तकं दिलीस का, लॉकर रिकामा केलास का, मेलेच्या घरच्यांना जेवायला कधी बोलवायचं, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. गाडीचा इंडिकेटर वाजत होता. टिक. मी ओठ मिटले. टिक. पाच वर्षांपूर्वीचं फाटक मला समोर दिसत होतं. टिक. काका झारी खाली ठेवत होते. टिक.

"आशिता नो सेकी वा," ती गायली, "आइते इरु."

मी डोळे पुसले. पहिल्या आठवड्यात भांडी घासताना ऐकलं होतं, तेच तेवढं म्हणावंसं वाटलं. म्हटलं, "गाणं बरंय."

ती माझ्याकडे वळली. हसत होती आणि रडत होती. "आई," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं मराठीत म्हणाली, "तू चारही मात्रा गप्प बसलीस."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न दिला आणि गडबडीत माझी गाडी बंद पडली. मी डॅशबोर्डवर थोपटलं आणि गाडीला म्हणाले, "गान्बारे."